तिसऱ्या चिपचं सुतक

ओरुरो, गुरुवार, ९ मे १९९६

मेलितोन मामा,

गावच्या रेडिओ केंद्राचा बोर्ड दुरुस्त झाला. सेवेरोच्या ट्रकने पाठवते आहे. डबा मागे मेंढ्यांत ठेवू नकोस, पुढे स्वतःजवळ ठेव, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, पुढे त्याची सासू बसते. मग सासूच्या पायाशी ठेव म्हटलं.

बिघाड एका चिपचा होता. काळी, सोळा पायांची, अंगठ्याच्या नखाएवढी. प्रक्षेपणाची लहर तीच धरून ठेवते. ती गेल्यामुळे तुमचा आवाज वेशीपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. ही चिप आता कुठेच बनत नाही. उस्ताद रेनान यांच्या खणात तीन होत्या. एक या बोर्डवर बसवली. दोन उरल्या.

मी बसवली, हे मुद्दाम लिहिते. एप्रिलपर्यंत मी दुकानाच्या पुढच्या भागात बॅटऱ्या विकत होते. आता मागे, दुरुस्तीच्या बाकावर, चौथी खुर्ची मला दिली आहे. जुलैअखेरपर्यंत बघतील, मग ठरवतील. बाकीच्या तीन खुर्च्यांवर उस्ताद, ग्रोवेर आणि एलोय. परकर नेसून बाकावर बसलेली या गल्लीतली मी पहिलीच. ग्रोवेर म्हणतो, एका खुर्चीवर पाच परकर म्हणजे वर्दी न देता आलेलं वऱ्हाड.

आता नीट वाचा. या चिपला विजेची भीती आहे. तारेतल्या विजेची नव्हे, अंगातल्या. स्वेटर काढताना चटचट होते ना, तीच. आपल्याकडे या मे-जूनच्या हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की माणूस नुसता चालला तरी अंगात वीज साठते. तुम्हाला जाणवणारही नाही एवढ्या चटक्याने चिप मरते, आणि मेली तरी तशीच दिसते. म्हणून मी मनगटाला पट्टा बांधून काम करते. पट्ट्याची तार जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडलेली असते. अंगातलं सगळं जमिनीत जातं. तुमच्याकडे पट्टा नाही. तेव्हा चंदेरी पिशवी उघडण्याआधी जमिनीला हात लावा. आधी जमीन, मग बोर्ड. एवढं एकच लक्षात ठेवा.

मामींनी पाठवलेले वाळवलेले बटाटे पोचले.

कासिमिरा


कोल्पानी, सोमवार, २० मे

कासिमिरा,

बोर्ड पोचला. तू लिहिलंस तसंच सगळं केलं. आधी जमीन, मग बोर्ड. जमिनीच्या बाबतीत आम्ही थोडं जास्तच केलं, कमी नाही.

शनिवारी बसवला. बटण दाबलं, दिवा लागला. अकरा वर्षं म्हणतो तेच म्हणालो: भावांनो, बहिणींनो, हा कोल्पानीचा आवाज. मग पाच मिनिटं बोललो. मीठ, पाऊस, ट्रकची वेळ. तुझी मामी शेजारच्या खोलीतून आली आणि म्हणाली, "कुणाशी बोलताय?"

तेव्हा बोर्ड परत पाठवतो आहे.

रेडिओ नाही म्हणून लोकांचे निरोप मी चर्चच्या मनोऱ्यावरून पत्र्याच्या कर्ण्यातून ओरडतो. वारा पश्चिमेचा असतो. पूर्वेकडच्या वाड्यांना सगळ्या मुलखाचे निरोप मिळतात, पश्चिमेकडच्यांना स्वतःचेसुद्धा मिळत नाहीत. मागच्या मंगळवारी मी ओरडलो, शिलाई यंत्र आलं आहे, चौघांनी न्यायला या. शिलाई यंत्र वाऱ्याने नेलं. उरलेलं ज्यांनी ऐकलं ते चौघे काळे कपडे घालून आले, शवपेटी घेऊन. यंत्र पेटीत बरोबर बसलं. घरापर्यंत त्यांनी ते खांद्यावरून नेलं आणि वाटेत लोकांनी टोप्या काढल्या.

गावात म्हणतात, चिप एवढा प्रवास एकटीने करून आली, त्या धसक्याने मेली. मी सांगितलं, माझ्या भाचीने बसवली आहे, मरायची नाही. तेव्हा ती मेलेली नाही असं काहीतरी कर.

मेलितोन


ओरुरो, गुरुवार, ३० मे

मामा,

ती मेलेली आहे.

कशाने मेली हे उस्तादांना विचारावं लागलं नाही. ते माझ्या परकरांकडे बघत होते. अंगातली वीज मोजायचं एक काट्याचं यंत्र त्यांच्याकडे आहे. त्यांनी मला दारापासून बाकापर्यंत चालायला लावलं आणि यंत्र परकरांजवळ धरलं. काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. एलोयने टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, पट्टा बांधला की उतरतो. उस्ताद म्हणाले, पट्टा मनगटाला आहे, परकराला नाही. त्यांचं खरं आहे. कापडातली वीज कापडातच राहते.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पँट घालायची, नाहीतर पुन्हा पुढे जाऊन बॅटऱ्या विकायच्या. मी म्हणाले, पँट घालून त्या खुर्चीत जी बसेल ती दुसरीच कुणीतरी असेल. तिला मी पुढच्या भागातून बॅटरी विकेन.

मग तिसरी वाट मीच काढली. खुर्चीखाली परात ठेवली आहे. परातीत मिठाचं पाणी, पाण्यातून तार सळईला. पाचही परकरांचे काठ त्यात बुडवून बसते. सकाळी दुकानात उणे चार असतं. दहा वाजेपर्यंत काठ कडक झालेले असतात आणि मी हलले की मोडल्यासारखे वाजतात. पण काटा शून्यावर असतो.

दुसरी चिप बसवून पाठवते आहे. आता खणात एकच आहे. उस्तादांनी स्पष्ट सांगितलं: हीसुद्धा गेली तर तिसरी ते स्वतः बसवतील आणि मी खुर्ची सोडायची.

म्हणून विचारते. पिशवी उघडल्यापासून बटण दाबेपर्यंत बोर्डला कुणी हात लावला? अंगावर काय होतं? खरं लिहा.

कासिमिरा


कोल्पानी, सोमवार, १० जून

कासिमिरा,

दुसरीही गेली. बोर्ड परत पाठवतो आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. बोर्डला कुणीही हात लावला नाही. फक्त समितीने लावला. समितीत चौदा जण आहेत.

चंदेरी पिशवीत तो वेफर्ससारखा दिसत होता. गावाचा आवाज वेफर्सच्या पिशवीतून यावा हे बरं दिसत नाही, म्हणून पिशवी वेशीवरच काढली. तुझ्या मामीने बोर्ड अल्पाकाच्या कोवळ्या लोकरीत गुंडाळला. ट्रकमध्ये गारठला होता, म्हणून लोकर वरून जरा चोळली. पहिल्या वेळीही असंच केलं होतं. नवा ट्रक, नवी सून, नवं यंत्र गावात आलं की जे करतो ते सगळं केलं. काही कमी केलं असतं तर तुझाच अपमान झाला असता.

आधी जमीन. जमिनीला तीन बाटल्या बिअर पाजली आणि दोन्ही हातांनी नमस्कार केला. मग चौदा जणांनी एकेक करून बोर्ड छातीशी धरला. प्रत्येकाने दोन शब्द सांगितले. होनोरातोने पुष्कळ सांगितले.

शेवटी रंगीत कागदाचा चुरा उधळायचा होता. इथे जे झालं ते वाचून तुला बरं वाटेल. आम्ही उधळायच्या आधीच चुरा ताटातून उडाला आणि बोर्डला जाऊन चिकटला. कुणी हात न लावता. म्हातारी फेलिसिआना म्हणाली, एवढ्या मनापासून केलेला स्वीकार तिने उभ्या जन्मात पाहिला नाही. दोन्ही वेळा असंच झालं. म्हणजे आमच्याकडून काही चुकलेलं नाही.

परकरांबद्दल उस्ताद म्हणतात ते मला पटत नाही. पण ते शिकलेले आहेत. पँट इतकी वाईट असते का? तुझ्या मामीने एकदा माझी घातली होती, खेचर पकडायला.

मेलितोन


ओरुरो, गुरुवार, २० जून

मामा,

कागद उडी मारत नाही.

लोकर चोळली की तिच्यात वीज साठते. ती कागदाला ओढून घेते. ताटातून चुरा उडाला तेव्हा बोर्डवर एवढी वीज होती की चिप त्याच्या कितीतरी आधी मेलेली असणार. बहुधा मामींच्या हातात. त्यानंतर चौदा लोकरी अंग्यांनी तिला एकामागून एक छातीशी धरलं. होनोरातोने ते दोन शब्द सांगितले तेव्हा ऐकायला तिथे कुणी नव्हतं. जमिनीला हात लावा म्हणजे अंगातली वीज जमिनीत सोडा. मी बिअरबद्दल काही लिहिलं नव्हतं.

तीन आठवडे मी परातीत बसून आहे. दोन्ही चिपा तुमच्याकडे गेल्या तेव्हा जिवंत होत्या.

मी तुमचं पत्र उस्तादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, भाचीची खुर्ची राहावी म्हणून मामा असं वाटेल ते लिहील. परातीतलं पाणी गोठताना तडतडतं, चिप त्यानेच मेली, असं आता त्यांचं म्हणणं आहे. मी विचारलं, तुम्हाला काय आणून दाखवू? ते म्हणाले, गावाच्या शिक्क्याचा कागद.

तेव्हा गावसभा बोलवा. कागदावर लिहा की पिशवी तुम्ही वेशीवर काढली, बोर्ड लोकरीत गुंडाळला, चौदा जणांनी धरला, आणि दोन्ही चिपा त्याने मेल्या. खाली शिक्का मारा. मला दुसरं काही नको.

तिसरी चिप खणात आहे. खणाची किल्ली उस्तादांच्या खिशात आहे.

कासिमिरा


कोल्पानी, सोमवार, १ जुलै

कासिमिरा,

सभा बोलावली. पाच तास चालली. तुझं पत्र मी उभं राहून वाचलं, दोनदा. दुसऱ्या वेळी मामी बाहेर गेली.

मतदान झालं. कागद लिहून द्यायच्या बाजूने तीन, विरुद्ध एकसष्ट. तिघांतला एक मी. दुसरी तुझी मामी, तिला मी बाहेरून बोलावून आणलं. तिसरा तिमोतेओ. त्याला ऐकू येत नाही आणि त्याने माझ्याकडे बघून हात वर केला.

लोकांचं म्हणणं तू समजून घे. चोरी केली, भांडण केलं, मेंढी मारली, असं गाव लिहून देईल. पूर्वी दिलं आहे. पण आलेल्याला आम्ही मिठी मारून मारलं, असं लिहिता येत नाही. ते एकदा कागदावर आलं की उद्या कुणी लग्नाला यायचं नाही. होनोरातो तर म्हणाला, "त्या उस्तादाला सांगा, आधी आमच्यासारखं एकदा मरून दाखव म्हणावं." काय म्हणायचं होतं ते त्यालाही माहीत नव्हतं, पण टाळ्या पडल्या.

सभेने दुसरा कागद दिला आहे. शिक्क्यासह सोबत पाठवतो. त्यात लिहिलं आहे की दोन्ही चिपांचा मृत्यू कोल्पानी येथे झाला आणि गाव त्यांच्या आप्तांच्या दुःखात सहभागी आहे. यापलीकडे कुणी जायला तयार नाही.

तू रागावली आहेस. पण एक सांग. हात न लावता, मिठी न मारता, काही न उधळता आलेल्याला घरात कसं घ्यायचं? लोक वाईट नाहीत. त्यांना तसं येत नाही.

मेलितोन


ओरुरो, गुरुवार, ४ जुलै

मामा,

तुमचा कागद उस्तादांनी तीनदा वाचला. मग म्हणाले, "आप्त म्हणजे मी का?" मी म्हणाले, चिपा तुमच्या खणातल्या होत्या. बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाने त्यांना शिव्या दिल्या आहेत, एकदा कोंबडी दिली आहे. शोकपत्र पहिलंच. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, खण उघडला आणि तिसरी चिप माझ्यासमोर ठेवली.

"तूच बसव," म्हणाले. "मेली तर दुसऱ्या दिवशी पुढे, बॅटऱ्यांवर."

बसवली. पाठवते आहे.

तुम्ही विचारलंत, हात न लावता घरात कसं घ्यायचं. तुम्हाला येतं. सगळ्या गावाला येतं. या चिपच्या दोन बहिणी गेल्या आहेत. तुमच्याच गावात गेल्या, आणि तसं तुम्ही शिक्का मारून लिहून दिलं आहे. म्हणजे ती सुतकात येते आहे. सुतकातल्या बाईला आपण कसं घेतो हे मी तुम्हाला सांगायला नको. मिठी नाही, रंगीत कागद नाही, बँड नाही, कोवळी लोकर नाही. तिच्या अंगावरची चंदेरी शाल वाटेत कुणी काढत नाही. आठव्या दिवशी नदीवर कपडे धुतात तसे या वेळी तिच्या पोचण्याच्या दिवशीच धुवा, आणि ओलेच अंगावर घाला. रेडिओच्या खोलीत जमिनीवर पाणी शिंपडा आणि चुलीवर मोठं पातेलं उकळत ठेवा. सगळे अनवाणी. आत एकटे तुम्ही. खिडकीबाहेर एक सळई ओल्या मातीत ठोका, तार आत आणा आणि मनगटाला गुंडाळा. बोर्ड बसला की मगच तार सोडा, आणि बटण त्यानंतर दाबा.

जमिनीला बिअर पाजायची तर पाजा. सळईच्या बुडाशी ओता. तिथे तिचा उपयोग होईल.

कासिमिरा


कोल्पानी, सोमवार, १५ जुलै

कासिमिरा,

चालू झाला.

सेवेरोचा ट्रक शुक्रवारी दुपारी आला. सबंध गाव वेशीवर होतं, अनवाणी, ओल्या कपड्यांत. वारा नेहमीचाच. कपडे अंगावर पत्र्यासारखे झाले होते. कुणी बोलत नव्हतं, दातच वाजत होते. सेवेरोची सासू डबा घेऊन उतरली. गाव बघून तिला वाटलं की कुणीतरी मोठं माणूस गेलं. तिने डबा जमिनीवर ठेवला आणि रडायला लागली. मग सगळेच रडले. होनोरातो पुढे झाला, हात पसरले, आणि तसेच पसरलेले ठेवून मागे गेला. एवढा संयम मी त्याच्यात पाहिला नव्हता.

तू लिहिलंस ते एकूणएक केलं. खोलीत पातेल्याच्या वाफेने समोरचं दिसत नव्हतं. मनगटाला तार गुंडाळून, गुडघे टेकून, एकट्याने बोर्ड बसवला. शाल शेवटी काढली. तार सोडली, बटण दाबलं. भावांनो, बहिणींनो, म्हणालो. मामी दार उघडून म्हणाली, "ओरडू नका. स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येतंय."

पश्चिमेकडच्या वाड्यांतून शनिवारी नऊ जण घोड्यांवर आले. त्यांना त्यांचे दोन महिन्यांचे निरोप एकदम मिळाले. एकाला कळलं की तो आजोबा झाला, दुसऱ्याला कळलं की त्याची गाय सापडली आणि पुन्हा हरवली.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली: सर्दी बेचाळीस जणांना झाली आहे, त्यांत मी आहे, त्यामुळे सध्या रेडिओवर निरोप आणि खोकला एवढंच असतं. दुसरी: सुतक वर्षभराचं असतं. सभेने ठरवलं की तोवर रेडिओवर गाणं वाजणार नाही. मी म्हणालो, चिपला चालेल. फेलिसिआना म्हणाली, चिपला चालेल, पण लोक काय म्हणतील? वर्ष संपलं की सुतक फेडायचं. त्या दिवशी मात्र कागद उधळावाच लागेल आणि तिला मिठीही मारावी लागेल. तारीख ठरली आहे. त्याबद्दल तू मला आधीच काहीतरी लिहून पाठव.

खुर्चीचं काय झालं?

मेलितोन


ओरुरो, गुरुवार, २५ जुलै

मामा,

तुमचं पत्र मी बाकावर मोठ्याने वाचलं. रेडिओ चालू झाला हे ऐकून उस्ताद म्हणाले, "नशीब." ग्रोवेर म्हणाला, परकरांनाही कधीतरी सुट्टी असते. एलोय हसला.

यंत्र समोरच पडलं होतं. इतके दिवस ते फक्त माझ्याजवळ धरलं गेलं होतं. मी ते उचललं आणि उस्तादांच्या स्वेटरजवळ नेलं. तो गुलाबी आणि करड्या पट्ट्यांचा, बाजारातल्या चकचकीत धाग्याचा. काटा शेवटच्या आकड्याला जाऊन आदळला. नुसता टेकला नाही.

उस्तादांनी वाकून काटा जवळून पाहिला. मग म्हणाले, "हा सासूने विणलाय."

"काट्याला सांगा," मी म्हणाले.

मग ग्रोवेरचं जाकीट मोजलं, एलोयची पँट मोजली. एलोयच्या पँटने काटा अडकला, उस्तादांनी टिचकी मारून सोडवला. शेवटी त्यांनी मला मोजलं. शून्य. पुन्हा मोजलं. शून्य. त्यांनी विचारलं, या वर्षी बाकावर किती चिपा विनाकारण मेल्या? ग्रोवेरने मोजल्या. अकरा. त्या मी खुर्चीवर बसायच्या आधीच्या होत्या.

उस्तादांनी स्वेटर काढला आणि खिळ्याला लटकवला. म्हणाले, "खुर्ची तुझी. लिहून देतो. आणि ते परकर कुठे मिळतात ते सांग."

मला वाटलं चेष्टा करतात. सोमवारी तिघे बाजारात गेले आणि सुती परकर घेऊन आले, प्रत्येकी दोन. उस्तादांचे काळे, एलोयचे हिरवे. ग्रोवेरला निळा शोभतो. परातीऐवजी आता आंघोळीचा टब आहे, चौघांचे काठ त्यातच असतात. आज गुरुवारपर्यंत एकही चिप मेलेली नाही. कामाला जोर आला आहे.

एवढंच की तिघे जागचे उठत नाहीत. दारावरची घंटी वाजली, पुढे गिऱ्हाईक आलं, की तिघेही बोर्डात डोकं घालतात. कुणीतरी पुढे जायला हवं, आणि परकरात पुढे जायची सवय असलेली मी एकटीच. दिवसाला पन्नास-साठ वेळा घंटी वाजते. बहुतेकांना बॅटऱ्या हव्या असतात.

पण तुम्ही खुर्चीचं विचारलंत. ती माझी आहे. मोकळी असते, पण माझी आहे.

कासिमिरा